पद आधी की पलटा?

सांगली आणि मिरज ही गावं एकमेकांना जवळजवळ चिकटलेली, पण गाण्याच्या बाबतीत त्यांची तोंडं वेगळ्या दिशांना आहेत असं मानायची आपल्याला सवय झाली आहे. सांगली नाटकाची. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने ‘सीता स्वयंवर’ इथे उभं केलं. ‘शारदा’ लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल शेजारच्या हरिपूरचे आणि ‘मानापमान’, ‘स्वयंवर’ लिहिणारे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीचे. मिरज बैठकीच्या गाण्याची. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणाऱ्या बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी तिथे शिष्य तयार केले, विष्णु दिगंबर पलुसकर त्यातलेच. अब्दुल करीम खाँ तिथे स्थायिक झाले आणि त्यांची कबर मिरजेच्या दर्ग्यात आहे. उत्तरेला सातारा जिल्ह्यातल्या औंधात बाळकृष्णबुवांचे शिष्य अंतुबुवा जोशी संस्थानचे गायक होते. त्यांनी १९४० मध्ये सुरू केलेल्या संगीतोत्सवाला आजही लोक श्रद्धेने जातात. या सगळ्या पट्ट्यात आठ-नऊ वर्षांचं मूल गाणं शिकायला आलं आणि शिकवणारी व्यक्ती संगीत नाटकात उभी राहून गायलेली असली, की एक वाद हमखास निघतो: या मुलाला आधी नाटकातलं पद द्यायचं की सूर घोटायचा पलटा? युरोपात ऑपेरा गाणारी बाई मुलांना शिकवायला बसते तेव्हा तिच्यापुढेही याच जातीचा प्रश्न असतो. तिथे सगळं नाटक गाऊनच होतं आणि आपल्याकडे गद्य आणि पद हातात हात घालून चालतात, एवढाच फरक.

माझं म्हणणं मी आधीच सांगून टाकतो. रंगभूमीच्या गायकाने मुलांना पहिल्या वर्षापासून पद शिकवावं. पलटा सोडू नये, पण पद मिळायला मुलाला तीन वर्षं वाट पाहायला लावू नये. मुलाच्या गळ्याचं आणि गाण्याचं जे नुकसान नाट्यगीताच्या नावावर मांडलं जातं, ते पदामुळे होत नाही. ते दोन गोष्टींमुळे होतं: मोठ्यांची पट्टी मुलावर लादल्यामुळे आणि पदाऐवजी कुणाची तरी ध्वनिमुद्रिका पाठ करून घेतल्यामुळे. या मताला विरोध करणारा पक्ष दुबळा नाही, घराण्याच्या शिस्तीत मुरलेली माणसं त्या बाजूला आहेत. म्हणून त्यांचं म्हणणं त्यांच्याच तोंडून, जितक्या जोराने मांडता येईल तितक्या जोराने मांडून मग उत्तर देतो.

पूर्वपक्ष : “तुम्ही पदाची बाजू घेता, पण मुलाचा सूर अजून लागलेला नसतो हे विसरता. षड्जावर एक श्वासभर स्थिर राहता येत नाही, आणि तुम्ही त्याच्या हातात हरकती-मुरक्यांनी भरलेली चीज देता. ते पद शिकत नाही, ते नक्कल शिकतं. कुठली जागा कुठून निघाली, कुठल्या सुरावर ती विसावते, हे त्याला ठाऊक नसतं. लोक टाळ्या वाजवतात, आणि एकदा टाळ्यांची चटक लागली की तेच मूल पलट्याला बसत नाही. आमच्याकडे सूर आधी, ताल मग, राग त्यानंतर, आणि सजावट सगळ्यांत शेवटी. विष्णु दिगंबर मिरजेत बाळकृष्णबुवांजवळ वर्षानुवर्षं राहिले ते काय हौस म्हणून? आपल्या शिष्याने, सवाई गंधर्वांनी, नाटक कंपनीत जाणं करीम खाँसाहेबांना रुचलं नव्हतं. एवढ्या मोठ्या गुरूला जे दिसत होतं ते तुम्हाला दिसत नाही का?”

या म्हणण्यातला पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे. नक्कल हा खरा धोका आहे. पण नक्कल कशाची होते ते नीट पाहायला हवं. जुनी ७८ फेऱ्यांची तबकडी एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं वाजत असे. रंगमंचावर ‘वन्स मोअर’ घेत बराच वेळ फुलवलं जाणारं पद त्या तीन मिनिटांत कोंबलेलं असतं. त्या तबकडीत आपल्याला ऐकू येतं ते एका मोठ्या कलावंताने एका दिवशी, वेळ संपण्याच्या घाईत, निवडून घेतलेल्या जागांचं गाणं. मूल जर ते सगळं, श्वासासकट, कंपासकट उचलत असेल, तर ते पद शिकत नाही हे खरंच आहे. पण पद त्या तबकडीहून वेगळं आहे. पदाला मुखडा आहे, अंतरा आहे, ठरलेला ताल आहे, समेवर येणारा शब्द आहे, आणि एका रागाचं चलन त्याच्या अंगात आहे. सजावट काढून घेतली तरी हे सगळं उरतं आणि तेवढंही गायला गोड लागतं. शिकवणाऱ्याने हा सांगाडा द्यायचा असतो. नाट्यपदाची एकही जागा न घेता, सरळ सुरांत, हाताने ताल देत ते पद मुलाकडून गाऊन घेणं हे रंगभूमीच्या गायकाला जमत नसेल, तर दोष त्या गायकाच्या शिकवण्यात शोधावा, पदात नव्हे.

या सांगाड्याची किंमत कळायला ‘स्वयंवर’ पुरेसं आहे. १९१६ मध्ये रंगमंचावर आलेल्या या नाटकाच्या चाली भास्करबुवा बखल्यांच्या. ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर अशा तीन घराण्यांचं शिक्षण घेतलेला हा माणूस, आणि त्याने नाटकासाठी चाली बांधल्या त्या यमन, भूप, बिहाग अशा रागांत. आता गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसणाऱ्या कुठल्याही मुलाच्या पहिल्या वर्षांतले राग आठवा. यमन आणि भूप त्यात असतातच. म्हणजे भास्करबुवांनी बांधलेलं भूपातलं पद आणि प्रवेशिकेतला भूप यांच्यात पाच सुरांचं तेच घर आहे. पद गाणारं मूल मध्यम आणि निषाद टाळून चालायला शिकतं, आणि का टाळायचे हे त्याला सांगायला गुरूजवळ एक जिवंत उदाहरण तयार असतं. पलटा सुरांची पायवाट घोटून देतो, यात शंका नाही. पण राग हा सुरांच्या उतरंडीहून वेगळा काहीतरी आहे, त्याला बोलण्याचा एक ढंग आहे, हे लहान मुलाला पलट्यातून कळत नाही. पदातून कळतं, कारण तिथे शब्द त्याला हात धरून नेतात.

शब्दापासून सुरुवात करण्याची ही पद्धत आपल्याच रंगभूमीवर सुचली असंही नाही. निकोला वाक्काई हा इटालियन ऑपेरा-रचनाकार १८३० च्या दशकात लंडनमध्ये गाणं शिकवत होता. तिथल्या हौशी विद्यार्थ्यांना महिनोन्‌महिने नुसत्या स्वरनामांवर घोटणं सोसवत नव्हतं. त्याने छोट्या छोट्या रचना बांधल्या, पहिल्याच धड्यात शब्द घातले, आणि प्रत्येक रचनेत एकच अडचण ठेवली: एकीत लगतच्या सुरांवर चढणं, दुसरीत तीन सुरांची उडी, तिसरीत चार सुरांची. ते पुस्तक आजही जगभर ऑपेरा शिकणाऱ्या नवख्यांच्या हातात दिलं जातं. वाक्काईचं मला पटतं ते एवढ्यासाठी, की त्याने पलटा टाकून दिला नाही. त्याने पलटा गाण्याच्या पोटात घातला. रंगभूमीवर वावरलेल्या माणसाला ही युक्ती सहज सुचते, कारण त्याच्या लेखी शब्दाविना सूर अर्धाच असतो.

आता करीम खाँसाहेबांचा दाखला. सवाई गंधर्वांचं नाटकात जाणं त्यांना आवडलं नव्हतं, हे खरं. पण त्याच खाँसाहेबांनी ‘मानापमाना’तलं पद स्वतः ध्वनिमुद्रित केलं, तेही खरं. त्यांच्या मुलीने, मिरजेत जन्मलेल्या हिराबाई बडोदेकरांनी, किराण्याचा ख्याल गात असतानाच संगीत नाटकात भूमिका केल्या. आणि नाटकात गेलेले सवाई गंधर्व पुढे गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी, फिरोज दस्तुर यांचे गुरू झाले. खाँसाहेबांना नाटक कंपनीचं जिणं, तिथली दगदग, रोज रात्री उभं राहून गाण्याची सक्ती नकोशी वाटली असेल तर ते समजण्यासारखं आहे. पदाबद्दल त्यांच्या मनात तिटकारा असता, तर ते त्यांच्या गळ्यातून तबकडीवर उतरलं नसतं. या प्रदेशात ख्याल आणि पद ही दोन वेगळी बिऱ्हाडं कधी नव्हतीच. विद्यार्थी इकडून तिकडे आणि तिकडून इकडे जात-येत राहिले, आणि त्या ये-जा करणाऱ्यांतूनच मोठे गवई निघाले. मल्लिकार्जुन मन्सूर लहानपणी नाटक कंपनीत गात होते. नीलकंठबुवा आलूरमठांनी त्यांना तिथे ऐकलं, आणि मग मिरजेत नीलकंठबुवांजवळ त्यांचं ग्वाल्हेरचं शिक्षण झालं. मास्तर कृष्णराव बालनट होते, ते भास्करबुवांकडे आले. पुढे दीनानाथ मंगेशकर नाटकात असतानाच रामकृष्णबुवा वझ्यांकडे शिकले, आणि वझेबुवांनी दीनानाथांच्या बळवंत संगीत मंडळीला ‘रणदुंदुभि’च्या चाली दिल्या.

पूर्वपक्ष : “भास्करबुवांचं नाव तुम्ही काढलंत ते बरं झालं, कारण तो दाखला आमच्याच बाजूचा आहे. भास्करबुवा पोरवयात किर्लोस्कर मंडळीत स्त्रीभूमिका करत होते, ‘रामराज्यवियोगा’तली कैकेयी गाजली. मग वयात येताना आवाज फुटला आणि कंपनीतली त्यांची किंमत एका रात्रीत गेली. नाटकाने त्यांना वापरलं आणि बाजूला केलं. सावरलं कुणी? बडोद्याच्या फैज महंमद खाँसाहेबांनी, म्हणजे ख्यालाने. मुलाचा कोवळा गळा नाटकाच्या हाती देऊ नका, एवढंच आम्ही सांगतो आहोत.”

हा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे. भास्करबुवांच्या बाबतीत जे घडलं ते तसंच घडलं, आणि त्या काळच्या नाटक मंडळ्यांत कित्येक गाणाऱ्या पोरांच्या वाट्याला तेच आलं असणार. पण ते का घडलं? कंपनीला हवा होता पोराचा उंच, कोवळा आवाज, स्त्रीभूमिकेच्या पट्टीतला. तो गेला की पोराचा उपयोग संपला. त्या आवाजाला ‘बदलतोस तसा बदल, आम्ही पट्टी खाली घेतो’ असं म्हणायची सोय कंपनीजवळ नव्हती, कारण नाटक उद्या रात्री लागायचं होतं. ही कंपनीच्या व्यवहाराची निष्ठुरता होती. आज सांगलीत किंवा साताऱ्यात घरी वर्ग घेणाऱ्या गायिकेपुढे उद्याचा खेळ नसतो. तिला थांबता येतं, पट्टी उतरवता येते, तीन महिने मुलाकडून नुसतं गुणगुणून घेता येतं. शिवाय कोवळा किंवा थकलेला गळा बिघडवण्याचा मक्ता नाटकाने घेतलेला नाही. अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज ऐन तारुण्यात गेला तो दरबारी अतिगायनाने, ख्याल गातानाच. पुढे जो आवाज परत आला तो पहिला नव्हता, आणि त्या नव्या आवाजाला पेलेल अशी गायकी त्यांनी घडवली. आवाज खर्च होतो तो प्रमाणाबाहेर गाण्याने आणि न पेलणाऱ्या उंचीवर गाण्याने. चीज कोणती होती याला तिथे महत्त्व नाही.

ऑपेराच्या जगातली सगळ्यांत बोलकी गोष्ट याच संदर्भातली आहे. मान्युएल गार्सिया हा वडिलांच्या ऑपेरा मंडळीबरोबर १८२५ मध्ये न्यूयॉर्कला जाऊन गायला. विशीतच आवाजावर ताण आला आणि त्याने रंगमंच सोडून शिकवणं पत्करलं. स्वतःचा गळा गमावलेल्या या माणसाने गळ्याचा अभ्यास असा काही केला, की १८५४ मध्ये आरशाच्या साहाय्याने जिवंत माणसाच्या स्वरतंतूंची हालचाल त्याने गाताना पाहिली. त्याच्याकडे १८४१ मध्ये जेनी लिंड ही विशीतली स्वीडिश गायिका आली. लहानपणापासून रंगमंचावर गात आल्याने आवाज पार झिजलेला. गार्सियाने तिला पहिल्यांदा काय शिकवलं? काही आठवडे गाऊ नकोस, एवढंच. त्यानंतर अगदी सावकाश, मोजून मापून सराव दिला, आणि ती युरोपातली मोठी गायिका झाली. रंगमंचावर गायलेला माणूस शिक्षक म्हणून उपयोगाचा ठरतो तो याचसाठी: आवाज कुठे मोडतो हे त्याने स्वतःच्या अंगावर पाहिलेलं असतं.

पट्टीचा प्रश्न इथे जरा बारकाईने सांगायला हवा, कारण सगळा वाद तिथे येऊन थांबतो. मुलगे साधारण बारा ते पंधराच्या दरम्यान वयात येतात. स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली येतो. मुलींचाही आवाज बदलतो, पण दोन-तीन सुरांनीच उतरतो, म्हणून तो बदल कुणाच्या लक्षात येत नाही आणि मुलींना त्या काळात खुशाल दामटलं जातं. हे उतरणं काही महिन्यांत होतं, कधी वर्ष-दीड वर्ष चालतं. त्या आधीच्या वयात, आठ-नऊ वर्षांच्या मुलाचा आरामाचा पल्ला एका सप्तकाहून थोडाच जास्त असतो. आता मोठी बाई काळी चारमध्ये षड्ज लावून पद शिकवते, आणि पदाचा अंतरा तार मध्यमाला, कधी पंचमाला जाऊन भिडतो. तिला ते पेलतं. मुलाला तिथे पोचायला मान ताणावी लागते, जबडा पुढे काढावा लागतो, आणि पोचल्यावर जो आवाज निघतो तो ओरडण्यापेक्षा फारसा वेगळा नसतो. षड्ज खाली घेतला तर वरचे सूर जमतात, पण मंद्रातले सूर हवेत विरतात. म्हणजे नुसती पट्टी बदलून भागत नाही, पदच असं निवडायला हवं ज्याचा सगळा व्यवहार आठ-नऊ सुरांत आटोपतो. अशी पदं संगीत नाटकांत भरपूर आहेत. किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’त दोनशेच्या आसपास पदं आहेत आणि त्यांतली बरीच छोटी, साकी-दिंडीसारख्या साध्या चालींची. नाटकाची गोष्ट पुढे नेणारी ही पदं मुलासाठी किती सोयीची! स्पर्धांतून गाजलेली पंधरा-वीस पदं म्हणजेच नाट्यसंगीत असं धरून चाललो म्हणून ती आपल्याला दिसेनाशी झाली.

मिरजेचे तंतुवाद्य कारागीर हे पट्टीचं तत्त्व पिढ्यान्‌पिढ्या पाळत आले आहेत. २०२४ मध्ये तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आनंद आपण सगळ्यांनी साजरा केला. त्या कारागिरांकडे पुरुषांचा तंबोरा वेगळा असतो आणि बायकांचा वेगळा, भोपळ्याच्या आणि दांडीच्या आकारापासून वेगळा, कारण वाद्य गाणाऱ्याच्या पट्टीला जुळलं पाहिजे हे तिथे गृहीत आहे. शिकवणाऱ्याने मुलाच्या बाबतीत तेच गृहीत धरलं तर या वादातला निम्मा भाग मिटेल. विजेवरच्या तंबोऱ्याने तर सबबही उरू दिलेली नाही, पट्टी बदलायला एक कळ फिरवावी लागते.

पूर्वपक्ष : “पट्टीचं मान्य. पण अर्थाचं काय? नाट्यपदांत शृंगार आहे, विरह आहे, सवतीमत्सर आहे. दहा वर्षांच्या पोरीच्या तोंडी ते घालायचं? आमच्या चिजांतही ‘पिया’ आणि ‘सैंया’ असतात म्हणाल, पण तिथे शब्द आकारात विरून जातो. पदात तो स्पष्ट उच्चारायचा असतो.”

याला लांबलचक उत्तर नको. नांदीची पदं आहेत, भक्तीची आहेत, नारदाच्या आणि ऋषिकुमारांच्या तोंडची आहेत, वीररसाची आहेत. त्यांतली द्यावीत, बाकीची मूल मोठं झाल्यावर. पण या आक्षेपातल्या शेवटच्या वाक्याकडे मी लक्ष वेधू इच्छितो. पदात शब्द स्पष्ट उच्चारावा लागतो, हीच तर त्याची शिकवण. सातारा हे या बाबतीत सांगलीइतकंच रंगभूमीचं गाव आहे. तिथली शाहूनगरवासी नाटक मंडळी गद्य नाटकांची, गणपतराव जोशी तिचे नट, आणि आगरकरांनी मराठीत आणलेला ‘हॅम्लेट’ त्यांनी गाजवला तो ध्वनिक्षेपक नसलेल्या काळात, निव्वळ शब्दफेकीच्या बळावर. पिटातल्या शेवटच्या प्रेक्षकापर्यंत व्यंजन पोचवायचं तर श्वास कुठे साठवायचा, वाक्याच्या शेवटी तो कसा राखायचा, जीभ आणि ओठ किती मोकळे ठेवायचे, हे त्या नटांना आलंच पाहिजे होतं. संगीत नाटकाच्या गायकाने हे गद्याकडून उचललं आणि सुरात नेलं. बैठकीच्या गाण्यात आज अनेक चांगले तरुण गातात, पण बंदिशीचे शब्द ऐकणाऱ्याला कळत नाहीत. त्यांना लहानपणी कुणी पद नीट उच्चारायला शिकवलं असतं तर ते झालं नसतं असं मला ठामपणे वाटतं. श्वासाचं व्यवस्थापन शिकवण्याचा याहून सोपा मार्ग मला दिसत नाही: मुलाला ओवीएवढी ओळ द्यावी, ओळीचा अर्थ मोडू न देता एका श्वासात म्हणायला सांगावी, आणि मग तीच ओळ सुरात.

पूर्वपक्ष : “एक शेवटचं विचारतो. दीनानाथांहून मोठा रंगभूमीचा गवई तुम्ही दाखवाल? त्यांनी सांगलीत आपल्या थोरल्या मुलीला शिकवायला घेतलं तेव्हा हातात तंबोरा दिला आणि पूरिया धनाश्री सांगितला. पद नाही सांगितलं. ज्याच्या गळ्यात पदं होती, त्यानेच घरात राग शिकवला. आता काय उत्तर आहे तुमच्याकडे?”

हा दाखला खरा आहे, आणि लता मंगेशकरांनी तो स्वतः अनेकदा सांगितला. पण तो पुढेही वाचायला हवा. ज्या घरात ती मुलगी राग शिकत होती त्या घरात दिवसरात्र नाटकाच्या तालमी चालत, पदं तिच्या कानावर आपोआप पडत होती. पद तिला शिकवावं लागलंच नाही, ते तिच्या श्वासोच्छ्वासात होतं. वडिलांनी जे घरात आपोआप मिळत नव्हतं ते दिलं. १९३८ मध्ये सोलापुरात वडिलांबरोबर तिने पहिल्यांदा जाहीर गायन केलं, तेव्हा ती रागही गायली आणि मराठी पदही. आज साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या घरात परिस्थिती नेमकी उलटी आहे. मुलाच्या कानावर पद पडत नाही, जुनी नाटकं वर्षातून क्वचित लागतात, आणि तंबोरा तर फोनमध्येही मिळतो. मग शिक्षकाने जे घरात मिळत नाही ते द्यायचं असेल, तर ते पद आहे. शिवाय दीनानाथ त्या मुलीला स्वतःच्या गळ्याची नक्कल करायला बसवत नव्हते हे पूर्वपक्षाने ध्यानात घ्यावं. त्यांची ती झेपावणारी, तारसप्तकात आक्रमक जाणारी गायकी आणि पुढे लताबाईंनी जे गाणं केलं ते, यांत कुठेही शिष्याने गुरूची छबी उचलल्याचा मागमूस नाही. रंगभूमीचा गायक शिकवताना आपला गळा बाजूला ठेवू शकतो, याचं इतकं स्पष्ट उदाहरण आपल्याच गावात घडलेलं आहे.

आता पूर्वपक्ष म्हणेल की असे दीनानाथ किती, गार्सिया किती, आणि बाकीचे शिकवणारे तर स्पर्धेच्या तारखेकडे डोळे लावून बसलेले असतात. यात तथ्य आहे. जिल्ह्याजिल्ह्यांत नाट्यगीतांच्या बालस्पर्धा होतात, त्यांत मूळ गायकाची जागा हुबेहूब घेणाऱ्या मुलाला पहिला क्रमांक मिळतो, आणि पालकांना, शिक्षकांना तोच रस्ता दिसतो. पण ही सुधारणा शिक्षकापेक्षा आयोजकांच्या हातात आहे. मुलाने आपल्या पट्टीत गावं आणि पट्टी फॉर्मवर लिहावी, ठरावीक वयाखाली अंतरा तार गंधाराच्या वर जाणारी पदं नसावीत, परीक्षकांनी जागा किती घेतल्या याला गुण न देता शब्द किती कळले आणि सम किती निश्चिंतपणे आली याला गुण द्यावेत. वयात येत असलेल्या मुलग्यांसाठी तर एक वर्ष स्पर्धेतून सवलत असावी आणि त्या वर्षी त्याने पेटीवर साथ केली, तालवाद्य धरलं किंवा पदाचं स्वरलेखन करून आणलं तरी त्याला तितकंच मोलाचं मानावं. विष्णु दिगंबरांनी स्वरलेखनाचा आग्रह धरला, छोटी क्रमिक पुस्तकं छापली, १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि वर्गात एकाच वेळी अनेक मुलांना शिकवता येतं हे दाखवून दिलं, तेव्हा गवयांच्या जगात कमी नाकं मुरडली गेली नव्हती. त्यांच्या स्मरणार्थ १९३१ मध्ये उभ्या राहिलेल्या गांधर्व महाविद्यालय मंडळाचं कामकाज मिरजेशी जोडलेलं आहे. त्या मंडळाने प्रारंभिक आणि प्रवेशिकेच्या मुलांसाठी छोट्या पल्ल्याच्या नाट्यपदांचा एक ऐच्छिक भाग ठेवला, प्रत्येक पदासोबत राग, ताल आणि लागणारा पल्ला छापला, तर सांगलीतल्या नाटकवाल्या बाईला आणि औंधच्या परंपरेतल्या बुवांना एकाच मुलाला शिकवताना एकमेकांच्या पायात पाय घालावा लागणार नाही.